दोन घरांची साक्ष

आमच्या घरात जेवणाला सरसाचा वास यायचा. सरस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तो, जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला. आप्पा त्याचे खडे आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालत आणि सकाळी भात उतरला की त्याच शेगडीवर सरसाचा डबा चढवत. तो विरघळला की त्यात रंगाची पूड कालवायची आणि गरम असतानाच कापडावर द्यायची, ही त्यांची रीत. फोटोवाल्यांचे पडदे रंगवणाऱ्या माणसाच्या घरी दुसरं काय शिजणार! मला त्या वासाचं काही वाटत नसे, पण शाळेत दोघींच्या बाकावर मी एकटीच बसायची. एकदा दप्तरात वाळ्याची जुडी ठेवून पाहिली. मग वाळ्याचा आणि सरसाचा असा दुहेरी वास येऊ लागला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीही सरकून बसल्या.

आप्पा आणि मी, दोघंच. पिंपरीत फाळणीच्या निर्वासितांसाठी उठवलेल्या छावणीला सगळे कॅम्प म्हणत, आणि कॅम्पातल्या एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे आडोसे लावून केलेल्या घरांपैकी एक आमचं होतं. उजवीकडच्या आडोशापलीकडे दिवसभर पापड लाटल्याचा आवाज, डावीकडे एका म्हाताऱ्याचा खोकला. कुणाकडे काय शिजलंय, कुणाचं कुणाशी वाजलंय, सगळं सगळ्यांना कळे. इतक्या माणसांत राहून एकटं वाटतं असं मी कुणाला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. पण शाळेतून आल्यावर मी कुलूप उघडायची, सकाळचा भात ताटलीत घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून खायची, कारण दाराकडे तोंड केलं की समोरच्या घरातली आई आपल्या मुलींच्या वेण्या घालताना दिसे. आप्पा तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात लाकडी खोक्यांवर अक्षरं आणि आकडे रंगवायच्या कामाला होते; पडद्यांची कामं ते सकाळी जायच्या आधी उरकत. दिवेलागणीला येत, हातपाय धूत, जेवत आणि पेटीवर बसून बोटांवरचा रंग नखाने खरवडत राहत. ते वाईट नव्हते, नुसते गप्प होते. पोरवयात यातला फरक कळत नाही.

आई कॅम्पात आल्यावर पहिल्याच वर्षी तापाने गेली. मी जेमतेम चार वर्षांची असेन. मला ती आठवत नाही. हे वाक्य आज लिहायला सोपं आहे. बोलून दाखवायला मला फार वर्षं लागली. फोटोच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता, अगदी दिव्याखाली अंधार. होती ती एक पत्र्याची पेटी आणि पेटीत लाल काठाचं हिरवं लुगडं. आप्पा घरी नसले की मी ते उलगडायची, काठावरून हात फिरवायची आणि पुन्हा त्याच घड्यांवर घडी घालून ठेवायची.

आप्पा मूळचे रत्नागिरीकडचे. मिसरूड फुटायच्या आधी मामाबरोबर बोटीने कराचीला गेले आणि तिथलेच झाले. कराचीला क्लिफ्टनचा किनारा आहे. जुने लोक त्याला हवाबंदर म्हणत. घुमटाखाली दगडी सज्जा, तिथून खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, पुढे पार पाण्यापर्यंत गेलेली दगडी वाट, आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना जत्राच जत्रा. लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा, उंटवाले, चणेवाले, सरबतवाले, रविवारी बँड. कराचीत जन्मलं, कराचीत लग्न झालं, कराचीत पोरं झाली, तरी प्रत्येकाला आठवायचं ते हे. आप्पा तिथे एका फोटोवाल्याकडे पडदे रंगवायला आणि गिऱ्हाइकांना त्यांच्यापुढे बसवायला होते. आणि पडद्यावर काय रंगवायचं, तर समुद्र! खरा समुद्र पन्नास पावलांवर फेसाळतोय आणि माणसं त्याच्याकडे पाठ करून आप्पांच्या समुद्रापुढे ताठ बसताहेत. मी मोठी झाल्यावर यावरून आप्पांना चिडवलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "खरा समुद्र हलतो. फोटो बिघडतो."

गावातल्या लोकांच्या लेखी आम्ही सिंधी आणि कॅम्पातल्या सिंध्यांच्या लेखी आम्ही मराठे. दोन्हीकडून आम्ही पाहुणेच. दूध घालायला पिंपरी गावठाणातून हौसाबाई यायची. कॅम्पातल्या बायका समुद्राच्या आठवणी काढून डोळे पुसायला लागल्या की ती चरवी खाली ठेवून कंबरेवर हात देई. "आवं, पान्यापायी येवढं रडत्यात व्हय? हितं पवना हाय की! आमी तर समिंदर बघितलाच न्हाई, काय अडलंय का आमचं?" मला हौसाबाई आवडायची, कारण अख्ख्या कॅम्पात समुद्र न आठवणारी माझ्याशिवाय ती एकटीच होती.

दुसरी एक जवळची होती ती रुकीअम्मा. कराचीत ती आणि माझी आई एकाच चाळीत शेजारी राहत. ही बाई सिंधी, पण तिला मराठी चांगलं येई, आणि ते ती माझ्या आईकडून शिकलेली. त्यामुळे तिच्या तोंडात आमच्या कोकणातलं 'गो बाय' होतं. ते ऐकायला मी उगाच तिच्याकडे मीठ मागायला जायची. आमच्याकडे मीठ असायचंच. तिलाही ते माहीत असावं, कारण ती वाटी भरून देताना कधी 'काल नेलंस त्याचं काय झालं' असं म्हणाली नाही. तिच्या हातची कोकी, म्हणजे सिंध्यांची जाडसर पोळी, आणि दही खात मी तिच्या उंबऱ्यात बसे, पण आईबद्दल विचारायचा धीर होत नसे. विचारलं असतं तर मला काही आठवत नाही हे उघड झालं असतं.

सगळं सुरू झालं ते खेमचंदकाकांमुळे. हवाबंदरला त्यांचं सोड्याचं दुकान होतं, इथे ते स्टेशनच्या रस्त्याला हातगाडी लावत. गोरेपान, पोट सुटलेले, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. एका रविवारी पंधरावीस माणसं घेऊन ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, "पेंटर, पोरं मोठी होतायत. त्यांना विचारलं हवाबंदर काय, तर तोंड बघतात. आपण मेलो की खलास. तू पडदा बनव. जसं होतं तसं, एकेक दुकान!" नारळी पौर्णिमेला सगळ्या कराचीकरांनी नदीकाठी जमायचं, पडदा लावायचा, समुद्राला नारळ द्यायचा आणि हवाबंदरचा दिवस साजरा करायचा असं ठरलं. समुद्राऐवजी पवना. ती पुढे समुद्रालाच मिळते, आपला नारळ हळूहळू कराचीला पोचेल, असा सगळ्यांचा हिशेब. आमच्या मास्तरांनी नकाशावर काठी फिरवून दाखवलं होतं, की पवना मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पार पलीकडच्या, बंगालच्या समुद्राला. मी शहाणपणा करून ते खेमचंदकाकांना सांगितलं. काका म्हणाले, "पानी पानी को पहचानता है, बेटी."

बायकांनी मांजरपाटाचे चार पन्ने जोडून शिवले. आप्पांनी ते कापड बराकीच्या मागच्या भिंतीला ताणलं, त्यावर खळ दिली आणि सगळ्यांपुढे एक नियम सांगितला. कुणीही येऊन काहीही आठवावं. ते खडूने काढलं जाईल. पण रंग भरायचा तो दुसऱ्या घरातल्या माणसाने तेच सांगितल्यावर. एका घरातली दहा माणसं चालणार नाहीत, कारण एका घरातली माणसं एकमेकांना ऐकून ऐकून एकच गोष्ट सांगतात. दोन घरांची साक्ष हवी. एरवी तोंड न उघडणाऱ्या माझ्या बापाने एवढं लांब भाषण केलेलं पाहून मी चाट पडले. आणि ते नुसतं भाषण नव्हतं. उंटवाले पायऱ्यांच्या डावीकडे उभे राहत की उजवीकडे, यावरून दोन सख्ख्या साडूंचं आठवडाभर बोलणं बंद झालं, तरी आप्पांनी तिसरं घर मिळेपर्यंत उंटाला हात लावला नाही. खुद्द खेमचंदकाकांचं म्हणणं, की पायरी उतरल्याबरोबर पहिलं दुकान त्यांचं. दुसरं कुणी ते म्हणेना. सगळ्यांना पहिला आठवे तो चणेवाला. काकांचं दुकान खडूतच राहिलं. "मैं झूठ बोलेगा क्या, पेंटर?" ते म्हणाले. "खोटं नाही," आप्पा म्हणाले, "एक घर." काका आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

माझं अक्षर चांगलं, म्हणून वही माझ्याकडे होती. कोणत्या दुकानाला कुणाकुणाची साक्ष ते मी लिहायची. दर रविवारी दुपारी भिंतीपुढे सतरंज्या पडत, पापड आणि पाण्याचे तांबे फिरत, आणि माणसं हसत, भांडत, रडत आठवत बसत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलीदेखील उठून सांगत, मी लाकडी घोड्यावरून पडले होते, बँडवाल्याच्या टोपीला पीस होतं. मी लिहीत राहायची. इतक्या लोकांच्या आठवणी माझ्या हातून वहीत गेल्या, पण मला कुणी विचारलं नाही. एका रविवारी खेमचंदकाका, आता राग विसरून आलेले, माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "ये क्या बोलेगी! ये तो गठरी में आई थी." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, मायेचंच हसणं होतं. पण मी वही मिटली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मला आठवतं," मी म्हटलं. "पायऱ्यांच्या खाली, या इथे, एक भिरभिरेवाला होता. कागदाची भिरभिरी. आणि आई वाळूत बसली होती. मी तिच्या मांडीवर होते." जागा मी बोटाने दाखवली. का ती, तर पडद्यावर तेवढीच रिकामी दिसली म्हणून.

आप्पांचा खडू थांबला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लुगडं कुठलं होतं?"

"हिरवं. लाल काठाचं."

मग त्यांनी काढलं. आधी भिरभिऱ्यांची काठी, मग माणूस, मग जरा बाजूला बसलेली एक बाई आणि तिच्या मांडीवर एवढासा जीव. माझ्या नावाने मी स्वतः वहीत ओळ लिहिली. त्या दिवशी पहिल्यांदा बायकांनी मला आपल्यात बसवून घेतलं आणि एकीने माझी वेणीही घातली. मला इतकं बरं वाटलं की खोटं बोलल्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. ते नंतर वाटायला लागलं.

खडूचं असं असतं, की तो टिकत नाही. पावसाचे दिवस; दर रविवारी संध्याकाळी पडदा गुंडाळून आत ठेवायचा, पुढच्या रविवारी उलगडायचा. रंगलेली दुकानं जशीच्या तशी राहत, खडूतली विरत जात. पहिल्या आठवड्यात आईचा चेहरा पुसट झाला, दुसऱ्या आठवड्यात खांदा. खेमचंदकाका दर वेळी आप्पांकडून आपलं दुकान पुन्हा काढून घेत, पण मला तसं म्हणायची हिंमत नव्हती. दुसरं घर कुठून येणार? माझी आई पुसली जाताना मी वही धरून बघत होते, आणि जी कधी तिथे होती की नव्हती हेच मला ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी मला खरंखुरं रडू येत होतं.

आणि पौर्णिमा आठ दिवसांवर आली असताना मी शाळेतून आले तर घरात सरसाचा ताजा वास. कारखान्याला सुट्टी होती. पडदा उलगडलेला, आणि पायऱ्यांच्या खाली भिरभिरेवाला पूर्ण रंगलेला, शेजारी आई. हिरवं लुगडं, लाल काठ, मांडीवर मी. बाकीच्या माणसांना आप्पांनी डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके दिले होते. आईला डोळे होते, समुद्राकडे लागलेले. मी दप्तर न उतरवता उभी राहिले.

"साक्ष मिळाली?" मी विचारलं.

"मिळाली."

"कुणाची?"

"आहे एकाची," म्हणून आप्पा कुंचला धुवायला बाहेर गेले.

म्हणजे ते खरं होतं! मी मनाने जुळवलं होतं ते खरंच घडलं होतं, आणि कुणीतरी ते पाहिलं होतं. या कॅम्पात एक माणूस असा होता की ज्याने माझ्या आईला मला मांडीवर घेऊन समुद्राकडे बघताना पाहिलं होतं. पुढचे आठ दिवस मी त्या माणसाला शोधत वणवण केली. वहीतल्या नावांचं निमित्त करून मी बराकीमागून बराकी पालथ्या घातल्या. "तुम्ही आप्पांना भिरभिरेवाल्याचं सांगितलंत का?" कुणी म्हणे नाही, कुणी म्हणे विचारून सांगतो. हौसाबाईने मला दोनदा चिखलातून जाताना पाहिलं आणि हटकलं, "काय हरवलंय गं पोरी?" मी म्हटलं, काही नाही. रुकीअम्माकडे मात्र मी गेले नाही. ती मला खरं ते सांगेल याची मला भीती वाटत होती, हे मला आज कळतं.

पौर्णिमेला पाऊस सकाळीच येऊन गेला आणि दुपारी उघडीप मिळाली. नदीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पडदा लावला. पवना लाल पाण्याने तट्ट भरून वाहत होती. कॅम्पातली झाडून सगळी माणसं ठेवणीतले कपडे घालून आली. त्यांचा केशरी गोड भात होता आणि मी आयुष्यातला पहिला नारळीभात केला होता, खाली लागलेला. हौसाबाईने तो चाखून "खरपूस हाय" म्हणून माझी अब्रू राखली. माणसं पडद्यापुढे येत, आपापलं दुकान शोधत, त्याला हात लावून तो हात कपाळाला लावत. एक म्हातारी दगडी वाटेवर बोट टेकवून ते हळूहळू पाण्यापर्यंत नेत होती, मग परत आणत होती. आपलं बालपण असं भिंतीवर टांगलेलं बघायला काय वाटत असेल ते मला कळलं नाही. मी त्यांच्यातली होते आणि नव्हतेही.

मग खेमचंदकाका आले. त्यांनी आपलं दुकान पाहिलं. ते अजून खडूतच होतं. आणि त्याच्याच खाली, चार बोटांवर, त्यांना रंगवलेला भिरभिरेवाला दिसला.

"पेंटर, इसका दूसरा घर कौन सा?" ते मोठ्याने म्हणाले. "पहलं तर तुझ्या पोरीचं. ती आणि तू एक घर. मेरे टाइम पे तुझा कायदा होता!"

सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पा बघत होते आपल्या हातांकडे. मी वही उघडून उभी होते, आता नाव येईल, आता येईल, म्हणून. आप्पांच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं जे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते. इतके रविवार खपून केलेलं काम या एका चित्रापायी खोटं ठरणार होतं.

"माझं घर," मागून आवाज आला. रुकीअम्मा काठी टेकत पुढे आली. "मी बघितलंय तिला तिथे. लिही गो बाय, रुकीचं घर."

मी लिहिलं. आणि मग काय विचारता! जो तो भिरभिरेवाल्याला ओळखू लागला. एकाने त्याच्याकडून निळं भिरभिरं घेतलं होतं, एकीच्या भावाने ते चोरलं होतं, आणि शेवटी खुद्द खेमचंदकाका पोटावर हात ठेवून म्हणाले, "हाँ, हाँ! एका डोळ्याने काणा होता तो. आता याद आला." आप्पांनी डागडुजीसाठी आणलेला डबा भाताच्या शेगडीवर ऊन केला आणि त्यात उरलेल्या पिवळ्या रंगाने खेमचंदकाकांचं दुकानही लगेच रंगवलं. परवा एक कॉलेजातली मुलगी मोबाइलवर माझ्या आठवणी टिपून घ्यायला आली होती. कॅम्पाचा इतिहास जतन करायचाय, म्हणाली. पडदा केव्हाच वाळवी आणि ओल यांनी खाल्ला, पण वही आहे. मी तिला वहीतलं एकेक दुकान सांगितलं, काण्या भिरभिरेवाल्यासकट. त्याला तर वीस घरांची साक्ष आहे.

त्या पौर्णिमेला नारळ सोडायला सगळे पाण्याकडे वळले, तेव्हा मी रुकीअम्माला गाठलं. ती काठावरच्या दगडावर बसली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि इतके दिवस न विचारलेलं सगळं एका दमात विचारलं. आई काय करत होती? हसत होती का? मला काही खाऊ दिला का? पाण्यात पाय घातले का तिने?

रुकीअम्माने माझी हनुवटी धरली.

"ती कधी गेलीच नव्हती गो तिथे," ती म्हणाली. "तुझा बाप रोज जायचा. ती एकदाही नाही. दर रविवारी सकाळी तो तिला सांगायचा, संध्याकाळी गर्दी ओसरली की न्यायला येतो. ती चार वाजता वेणी घालायची, ते हिरवं लुगडं नेसायची आणि उंबऱ्यावर बसायची. दिवे लागले की उठून चूल पेटवायची. मी म्हणायची, चल माझ्याबरोबर, टांग्यात बसलं की झालं. तर म्हणायची, नको गो रुकी, ह्यांनी कबूल केलंय."

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तुझ्या बापाची मान खाली गेली असती, एवढ्या लोकांत. आणि मला ती तिथे बसलेली बरी दिसली." तिने पदराने नाक पुसलं. "पण तुला मी खोटी आई कशी देऊ? तुझी आई वाट बघणारी होती. ती खरी. ती घे."

मी घेतली. मला आईची जी पहिली आठवण मिळाली ती अशी, दुसऱ्याची, उंबऱ्यावर बसलेल्या बाईची. मला तिचा राग आला, की तिने टांगा का केला नाही. मग आप्पांचा आला, आणि तो इतका आला की लोक नारळ फेकून जयजयकार करत होते तेव्हा मी कानांवर हात ठेवले. लोकांच्या बायकापोरांना पडद्यापुढे बसवून 'जरा हसा' म्हणणारा हा माणूस. आम्ही दोघी एकाच माणसाची वाट बघत बसणाऱ्या होतो, ती कराचीत आणि मी पिंपरीत, फक्त आमची भेट झाली नव्हती. हे मला त्या वयात अशा शब्दांत सुचलं नाही, पण एकटेपणा माझ्या एकटीचा नाही हे तिथे काठावर मला कळलं, आणि त्याने बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भडभडून आलं.

माणसं पांगली. शेडमध्ये आप्पा आणि मी पडदा उतरवायला राहिलो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. जमिनीवर पसरून आम्ही तो खालून गुंडाळत आणला आणि पायऱ्यांपाशी येऊन माझे हात थांबले.

"दुसरं घर नव्हतं ना?" मी म्हटलं.

"नव्हतं."

"मी खोटं सांगितलं होतं."

"माहीत होतं. तू सांगितलंस तेव्हाच." आप्पा उकिडवे बसले. "नऊ वर्षं तिथे होतो, सुमे. तिला न्यायचं राहून गेलं. दर वेळी वाटायचं, पुढच्या रविवारी. समुद्र कुठे जातोय, तो काय उठून जाणार आहे!" त्यांनी बोटाने लुगड्याच्या काठावर सुटून आलेली रंगाची एक खपली काढली. "खडू पुसत चालला होता. मला बघवेना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या गळ्यात पडायला हवं होतं, चांगल्या मुली पडतात. पण माझ्या मनात राग अजून तसाच होता आणि मी चित्राकडे बघत होते. आई होती, मी होते, भिरभिरेवाला होता. वाळू कितीतरी मोकळी होती.

"मग तुम्ही का नाही यात?" मी विचारलं. "आमच्याजवळ जागा होती की."

आप्पांनी तिकडे पाहिलं. एकदा वाटलं, ते कुंचला घेतील. डब्यात रंग होता.

"मी कामावर होतो ना," ते म्हणाले.